टेबलाभोवतीचं गाणं : मेरी जेन लॅमंड आणि केप ब्रेटनचं गॅलिक समूहगायन

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, "सर, गॅलिक म्हणजे नेमकं काय?" तेवढं आधी उरकून घेतो. स्कॉटलंडच्या उत्तरेकडचा डोंगराळ मुलूख आणि पश्चिमेकडची बेटं, इथली ही भाषा. इंग्रजीची बोली नव्हे. आयरिश भाषेची सख्खी बहीण. आयरिश भाषेला इंग्रजीत 'गेलिक' म्हणतात, स्कॉटिश मंडळी आपल्या भाषेला 'गॅलिक' म्हणतात. स्पेलिंग एकच. मी गॅलिक म्हणणार आहे.

आणि दुसरी गोष्ट, कबुलीच म्हणा. मला ही भाषा येत नाही. गाण्यांचे अर्थ मी इंग्रजी भाषांतरांतून वाचलेत. तेव्हा या कवितेचं सौंदर्य, उच्चारातले बारकावे यांबद्दल मी काही बोललो तर ती थाप ठरेल. मी बोलणार आहे ते एका प्रश्नाबद्दल, जो मला या बाईंची गाणी ऐकताना पडला आणि ज्याने मला आमच्या सौंदर्यशास्त्राच्या पुस्तकांकडे जरा संशयाने बघायला लावलं. प्रश्न साधा आहे: ज्या गाण्याला श्रोताच नाही, त्या गाण्याची समीक्षा कशी करायची?

बाईंचं नाव मेरी जेन लॅमंड. त्या स्कॉटलंडच्या नाहीत, कॅनडाच्या आहेत. हे कसं, ते थोडक्यात सांगतो. 1773 साली 'हेक्टर' नावाचं जहाज सुमारे दोनशे गॅलिकभाषकांना घेऊन नोव्हा स्कोशियातल्या पिक्टू बंदराला लागलं. पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत हजारोंनी माणसं आली. स्कॉटलंडमधल्या जमीनदारांना कुळांपेक्षा मेंढ्या परवडायला लागल्या होत्या, हे त्यामागचं एक मोठं कारण. बरीचशी माणसं केप ब्रेटन या बेटावर जाऊन राहिली. ती जमीन मिकमाक लोकांची होती, हेही सांगितलं पाहिजे. हुसकावलेल्यांनी संसार मांडला तो दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणातच. पण भाषेपुरतं बोलायचं तर हे बेट एकोणिसाव्या शतकात अस्सल गॅलिक मुलूख होता. 1890 साली मॅकिनस नावाच्या सिनेटरांनी गॅलिकला कॅनडाची अधिकृत भाषा करावी असं विधेयक मांडलं होतं. ते पडलं. त्यानंतरची गोष्ट आपल्याला वेगवेगळ्या भाषांच्या संदर्भात पाठ आहे: शाळेत ती भाषा बोललं की शिक्षा, शहरात बोललं की हसू, आणि मग एक पिढी अशी येते की आई-वडील आपापसांत एका भाषेत बोलतात आणि मुलांशी दुसऱ्या. नोव्हा स्कोशियाच्या सरकारने गॅलिकसाठी स्वतंत्र कार्यालय काढलं ते 2006 साली. म्हणजे घर जवळजवळ रिकामं झाल्यावर.

आता टेबलाकडे येतो. आजचा खरा विषय टेबल आहे.

हातमागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरळ असतं. ते भिजवून, बडवून, आटवून घट्ट करावं लागतं, म्हणजे वारा आणि पाणी आत शिरत नाही. स्कॉटलंडच्या बेटांवर हे काम बायका करत. लांब फळीच्या किंवा टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसायचं, ओलं कापड मधे घ्यायचं, आणि सगळ्यांनी एका ठेक्यात ते आपटत, ढकलत शेजारणीकडे सरकवायचं. कापड टेबलाभोवती फिरतं ते सूर्याच्या दिशेने, म्हणजे आपण प्रदक्षिणा घालतो तसं. भिजवायला काय वापरत? शिळं मूत्र. हसू नका, त्यातल्या अमोनियाने लोकरीतला तेलकटपणा जातो आणि रंग पक्का होतो. घरोघर त्यासाठी पिंप भरून ठेवलेलं असायचं. कापड किती आटलं ते मधल्या बोटाने मोजायचं. नाही आटलं पुरेसं, तर आणखी एक गाणं. म्हणजे बघा, गाणं हे इथे वेळेचं मापही होतं. या सगळ्या कामाला गॅलिकमध्ये 'लूअघ' असा शब्द आहे, आणि केप ब्रेटनमध्ये इंग्रजीतून त्याला 'मिलिंग फ्रॉलिक' म्हणतात.

गाण्याची रचना अशी. एकजण ओळ म्हणते. कधी पूर्ण, कधी अर्धीच. बाकीच्या धृपद धरतात. धृपदात बहुतेक वेळा अर्थ असलेले शब्द नसतातच, नुसती अक्षरं असतात, हो-रो, ही-री अशा धाटणीची. धृपद संपतं न संपतं तोच पुढची ओळ येते, कधी थोडी वर चढूनही येते. त्यामुळे आवाज तुटत नाही. म्होरकी श्वास घेते तेव्हा टेबल गातं, आणि टेबल श्वास घेतं तेव्हा म्होरकी गाते. आणखी एक संकेत असा की एका बैठकीत तेच गाणं पुन्हा म्हणायचं नाही, ते अशुभ. या एका समजुतीमुळे किती गाणी टिकली असतील याचा विचार करा! जॉन लॉर्न कॅम्पबेल आणि फ्रान्सिस कॉलिन्सन यांनी या प्रकारच्या गाण्यांचे तीन जाडजूड खंड काढलेत, 1969 ते 1981 या काळात. त्यात बुडालेला भाऊ आहे, न आलेला प्रियकर आहे, कुळाची बढाई आहे, आणि शेवटी शेवटी पोरींना त्यांच्या ठरू घातलेल्या नवऱ्यांवरून चिडवणंही आहे.

तुम्हाला जात्यावरची ओवी आठवली असणार. मलाही आठवली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या वाचताना हाच प्रश्न समोर येतो: ही बाई कोणाला उद्देशून गातेय? जात्याला, भावाला, विठोबाला, शेजारी बसून दळणाऱ्या जावेला. 'श्रोता' म्हणावा असा कोणी समोर नाही. पण विजेच्या गिरण्या आल्या, जातं हळदीच्या दिवसापुरतं उरलं, आणि ओवीची रोजची जागा गेली. केप ब्रेटनमध्ये गिरणीचं कापड आलं तरी टेबल राहिलं. का राहिलं? त्याचं एक कारण मला असं दिसतं की तिथे स्थलांतरानंतर पुरुषही टेबलाशी बसायला लागले. जे काम स्कॉटलंडमध्ये फक्त बायकांचं होतं, ते इथे गावाच्या भेटीगाठीचं निमित्त झालं. निमित्ताला कामाची गरज नसते. आजही उन्हाळ्यात तिथल्या सामुदायिक सभागृहांत टेबल मांडतात, एक घोंगडं घेतात, आणि बडवतात. ते घोंगडं केव्हाच आटून घट्ट झालेलं असतं. या घोंगड्याकडे मी परत येईन.

थोडं तत्त्वज्ञान, नाइलाजाने. आपलं रसशास्त्र सहृदयाभोवती उभं आहे. अभिनवगुप्तांचा सहृदय प्रेक्षागृहात बसलेला असतो. त्याच्या मनाचा आरसा स्वच्छ असतो, आणि रस त्याच्या ठायी उमटतो. फार सूक्ष्म विचार आहे तो, मी आयुष्यभर शिकवला. पण तो बसलेल्या माणसाचा विचार आहे. टेबलाशी बसलेल्या बाईचे हात ओल्या कापडात आहेत. तिच्यात आणि गाण्यात ते अंतरच नाही जिथून आस्वाद घेता येईल. ॲरिस्टॉटलने एक भेद केला होता: एक कृती अशी की जिच्या शेवटी वस्तू उरते, जसं घर बांधणं; आणि एक अशी की जिचं साध्य करण्यातच असतं, जसं चांगलं वागणं. गंमत अशी की टेबलावर दोन्ही एकदम चाललंय. कापड पहिल्या प्रकारचं, गाणं दुसऱ्या प्रकारचं. आणि ध्वनिमुद्रण काय करतं? ते गाण्याचंच कापड करतं. गाण्याची वस्तू होते, ती विकता येते, घरी नेता येते. मी ध्वनिमुद्रणाच्या विरोधात नाही. माझं सगळं संगीताचं शिक्षण त्यावरच झालंय. पण या अदलाबदलीत काय बिघडतं आणि ते कोणी कसं सावरतं, हे बघायला लॅमंडबाईंसारखं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

बाई जन्मल्या ऑन्टॅरिओमध्ये, इंग्रजीत वाढल्या. गॅलिक ही आजी-आजोबांची भाषा. सुट्टीत नोव्हा स्कोशियाला जायचं तेव्हा कानावर पडायची, तेवढीच. पुढे मोठेपणी केप ब्रेटनच्या उत्तर किनाऱ्यावर, नॉर्थ रिव्हर भागात, त्यांनी मिलिंग फ्रॉलिक पाहिला आणि त्या अडकल्या. मग अँटिगोनिशच्या सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठात केल्टिक विषय घेऊन शिकल्या, जुन्या टेप ऐकल्या, म्हाताऱ्या गायकांच्या घरी जाऊन बसल्या. शिकत असतानाच पहिला अल्बम केला, 'वो हीर नन क्रूव', म्हणजे 'झाडांच्या देशातून'. थोडक्यात, या बाई परंपरेच्या पोटात जन्मल्या नाहीत. त्या टेबलाशी उशिरा आल्या, आणि आल्या त्या धृपद धरणाऱ्यांच्या बाकावर. हे लक्षात ठेवा.

1995 साली ॲशली मॅकआयझॅक या केप ब्रेटनच्या तरुण फिडलवादकाचा अल्बम आला. त्यातलं 'स्लीपी मॅगी' हे गाणं कॅनडाभर गाजलं. मूळ एक जुनी नाचाची चाल, तिच्याभोवती ड्रम आणि यंत्राचा ठेका, आणि मधे मधे लॅमंडबाईंचा आवाज, गॅलिकमध्ये. देशभरच्या रेडिओवर जी भाषा क्वचितच ऐकू यायची, ती एकाएकी तरुण पोरांच्या कानात गेली. ही लहान गोष्ट नाही, आणि तिला नाक मुरडणाऱ्या शुद्धतावाद्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नाही. फिडल तर अफाट आहे, अंगावर येतं.

पण आवाजाचं काय केलंय ते ऐका. तो माइकच्या अगदी जवळ आहे, दबका, अर्धा श्वास अर्धा सूर. ढगातून यावा तसा येतो आणि जातो. शब्द गॅलिक असले काय आणि आणखी कुठले असले काय, बहुसंख्य ऐकणाऱ्यांना फरक पडणार नव्हता, आणि मांडणी त्या फरक न पडण्यावरच उभी आहे. टेबलावरच्या गाण्यात धृपद अर्थहीन असतं आणि ओळीला अर्थ असतो. इथे ओळच धृपदासारखी वापरली गेली. अर्थ असलेल्या शब्दांना धुकं करून टाकलं. हे जुनंच दुखणं आहे. 1909 साली मार्जरी केनेडी-फ्रेझर यांनी 'साँग्ज ऑफ द हेब्रिडीज' काढलं. बेटांवरच्या कष्टकरी बायकांची गाणी घेऊन त्यांना पियानोची साथ दिली, इंग्रजी शब्द दिले, दिवाणखान्यात शोभेल असा हळवा धूसरपणा दिला. लंडन-एडिंबराच्या श्रोत्यांना गाणी आवडली. ज्यांची ती होती, त्यांच्यातल्या अनेकांना ती ओळखू येईनात. पुढे सॉर्ली मॅकलीनसारख्या मोठ्या गॅलिक कवीने या प्रकारावर कडक टीका केली. 'स्लीपी मॅगी' हा त्या दिवाणखान्याचा नाचघरातला अवतार आहे, असं मी म्हणालो तर जरा जास्त होईल. पण कुळी तीच.

बाईंचं श्रेय असं की त्या तिथे थांबल्या नाहीत. बाजार मागत होता ते आणखी दहा वर्षं देता आलं असतं. 1997 चा 'सुअस ए!' हा अल्बम मधला टप्पा आहे. बँड आहे, आधुनिक ठेका आहे, पण आता आवाज पुढे आलाय, शब्द स्वच्छ आहेत, आणि ओळ-धृपद ही रचना जागेवर आहे. नावाकडे बघा. 'सुअस ए' म्हणजे साधारण 'चढव!', 'होऊ दे!' गाणाऱ्याला, वाजवणाऱ्याला चेव यावा म्हणून तिथे असं ओरडतात. आमच्या मैफलीतली 'वाहवा' झालेल्या गोष्टीला असते. ती पावती आहे, श्रोत्याने दिलेली. 'चढव' हे अजून न झालेल्या गोष्टीला असतं, आणि ते म्हणणारा स्वतः त्यात हात घालून असतो. आपल्याकडे कीर्तनात टाळकरी रंगात आला की तो काही 'वाहवा' म्हणत नाही.

मात्र या अल्बममध्येही एक अडचण आहे, आणि ती बाईंच्या हातातली नाही. बँडला गाण्याचा आकार लागतो: सुरुवात, चढण, शिखर, शेवट. टेबलावरच्या गाण्याला शिखर नसतं. ते म्होरक्याच्या ओळी संपल्या की संपतं, किंवा हात दुखले की. ठेका वाढवून, वाद्यं वाढवून जो परिणाम आणलाय तो चांगला आहे, पण तो श्रोत्यासाठी आणलेला परिणाम आहे. ड्रमवाला टेबलाची जागा घेतो खरा. पण टेबलाशी बारा जणं होती आणि ड्रमवाला एकटा आहे. आणि तो चुकत नाही! टेबलाचा ठेका किंचित फाटका असतो, बारा जोड्या हात अगदी एका क्षणी कधीच पडत नाहीत. त्या फटीतच गावाचा आवाज असतो.

आणि म्हणून 2000 चा 'ओरान घालिक'. नाव अगदी साधं, 'गॅलिक गाणी'. हा त्यांनी नॉर्थ रिव्हरच्या सामुदायिक सभागृहात ध्वनिमुद्रित केला, तिथल्या माणसांना घेऊन. विजेची वाद्यं नाहीत. हा अल्बम मी बऱ्याचदा ऐकलाय आणि माझ्या मते त्यांचं सर्वांत महत्त्वाचं काम हेच. कारण? इथे एक व्यावसायिक गायिका, जिचा आवाज आता देशाला माहीत आहे, आपला आवाज मुद्दाम इतर आवाजांत ठेवते. ज्या माणसांकडून ती शिकली त्यांचे आवाज तयार नाहीत, काहींचे चिरकेही आहेत, धृपदाची सुरुवात कोणी जरा आधी करतो, कोणी नंतर. स्टुडिओत हे सगळं सरळ करता आलं असतं. केलेलं नाही. लाकडावर पडणारे हात ऐकू येतात. त्या चालीला लागणारा श्वास आता पुन्हा दोन पक्षांत वाटला गेलाय, आणि त्याबरोबर बाईंची गायकीही बदलते: धृपद येणार आहे याचा भरवसा असल्यामुळे त्या ओळ सोडून देतात, ओढून धरत नाहीत. एकट्याने हेच गाणं म्हणताना गायकाला दोन्ही कामं करावी लागतात आणि ओळीच्या शेवटी एक हलकी चोरटी उसंत येते. इथे ती नाही. सहकार्य, सामूहिकता वगैरे शब्द आपण प्रस्तावनांत फार वापरतो. इथे ते फुफ्फुसाच्या पातळीवर ऐकू येतं.

आता आक्षेप. एका स्नेह्याने मला विचारलं, "घोंगडं केव्हाच आटलेलं आहे, मग हे नाटकच की. पर्यटकांसमोर मांडलेलं गतकाळाचं प्रदर्शन." आक्षेप हलका नाही. उन्हाळ्यात तिथे पर्यटक येतात, टेबलाशी बसतात, दोन धृपदं म्हणून फोटो काढतात. बरं, काम संपलेलं असताना कामाचं गाणं म्हणणं यात काहीतरी पोकळ आहे असं मलाही पूर्वी वाटे.

मत बदललं ते धृपदाचा विचार करताना. धृपदात शब्द नाहीत, नुसती अक्षरं आहेत. म्हणजे भाषा न येणारा माणूस पहिल्याच रात्री टेबलाशी बसू शकतो, आणि तो खोटं काही करत नसतो. धृपद धरणं हे त्या गाण्यातलं खरं, आवश्यक काम आहे. त्याच्याशिवाय गाणं उभं राहत नाही. पण ओळ म्हणायची तर भाषा लागते, पन्नास ओळी पाठ लागतात, त्यातली बुडालेली होडी कोणाची हे माहीत लागतं. म्हणजे टेबलाला एक जिना आहे. खालची पायरी सगळ्यांना खुली, वरची कष्टाने मिळणारी. टेबलावर आता कापड आटत नाही, भाषा घट्ट होते. लॅमंडबाई स्वतः या जिन्यानेच वर गेल्या. जन्माने नव्हे, धृपदावरून ओळीवर.

म्हणून अशा उपक्रमांचं मूल्यमापन मी किती माणसं जमली यावरून करणार नाही. धृपदावरची किती माणसं पाच वर्षांनी ओळीवर आली, हे बघीन. आणि इथे चिंता आहे. जमणारे सगळे धृपदावरच राहिले आणि ओळ म्हणणारी पिढी एकेक करून गेली, तर टेबल भरलेलं असेल आणि गाणं नसेल. बाईंना ही चिंता असावी असं त्यांच्या अल्बमांबाहेरच्या कामावरून दिसतं. जुन्या गायकांची, बोलणाऱ्यांची चित्रफितींतून ओळख करून देणाऱ्या 'आमच्यामधला पूल' अशा अर्थाच्या गॅलिक संकेतस्थळासाठी त्यांनी काम केलं, नोव्हा स्कोशियातल्या गॅलिक गाण्यांची सूची करण्याच्या प्रकल्पात त्या होत्या. सूची करणं हे कोणाला टाळ्या मिळवून देणारं काम नव्हे. हेलन क्रायटन आणि कॅलम मॅक्लाउड यांनी 1964 मध्ये 'गॅलिक साँग्ज इन नोव्हा स्कोशिया' काढलं, लॉकी मॅक्लेलन या गायकाच्या गाण्यांचं आणि आठवणींचं 'ब्री अन ओरान' हे सुंदर पुस्तक जॉन शॉ यांनी 2000 साली आणलं. त्याच रांगेतलं हे काम. त्या शीर्षकातला 'ब्री' म्हणजे सत्त्व, गर. गाण्याचा गर.

2012 च्या 'शेन' या अल्बमबद्दल थोडं. ॲशलीची चुलत बहीण वेंडी मॅकआयझॅक फिडलवर आणि लॅमंडबाई गळ्यावर. हा समूहगायनाचा अल्बम नाही, दोघींचा संवाद आहे. गॅलिकमध्ये 'शेन' हे क्रियापद गाण्यालाही चालतं आणि वाद्य वाजवण्यालाही. शीर्षकातच म्हणणं आलं. 'स्लीपी मॅगी'त आवाज फिडलची सजावट होता. इथे तसं नाही, आणि फिडलही गाण्यामागे हात जोडून उभं नाही. तोंडाने म्हणायच्या नाचाच्या चाली हा एक प्रकार तिकडे आहे, वाद्य नसेल तेव्हा गळ्यावर नाचायचं. हेदर स्पार्लिंग यांचं त्यावर 2014 चं पुस्तक आहे. त्या चाली इथे ऐकल्या की गळा आणि गज यांच्यात कोण कोणाचं अनुकरण करतंय हे सांगता येत नाही. फार आनंदाचं काम आहे हे. तरी मी 'ओरान घालिक'च वर ठेवीन, कारण यात मला बसायला जागा नाही. दोन कसलेल्या बायका उत्तम गप्पा मारतायत आणि मी ऐकतोय. पुन्हा सहृदय झालो.

आता प्रश्न घेतो.

(प्रश्न : गाणी शिकून बोलीभाषा परत येते का?)

आपोआप येत नाही. गाण्यांची भाषा जुनी असते, तीनशे-चारशे वर्षांपूर्वीची. चाळीस गाणी पाठ असलेल्या माणसाला दुकानात मीठ मागता येईलच असं नाही. स्कॉटलंडमध्ये 1892 पासून 'मोड' नावाचा गॅलिक संगीताचा मोठा स्पर्धा-महोत्सव भरतो. तिथल्या गायकवृंदांतल्या पुष्कळांना गॅलिक बोलता येत नाही, उच्चार पाठ केलेले असतात, अशी तक्रार नेहमी होते. हे सगळे माझ्या भाषेत धृपदावर थांबलेले. पण उलटही बघा, भाषा शिकायला माणूस वर्गात तीन महिने येतो आणि सोडतो. टेबलाशी तो दरवर्षी येतो, कारण तिथे त्याची माणसं आहेत. शिकायला तग लागतो, आणि तो तग गाण्यातून येतो. बोलणं मात्र बोलूनच येणार.

(प्रश्न : ऐकायला कुठून सुरुवात करावी?)

बहुतेक जण 'स्लीपी मॅगी'पासून करतील, ते सहज सापडतं. मी उलट सांगेन. आधी 'ओरान घालिक' लावा. हेडफोन नको. स्वयंपाकघराच्या टेबलाशी दोघं-तिघं बसा, आणि पहिल्यांदा नुसता हाताने ठेका धरा. दुसऱ्यांदा धृपद म्हणा, ते दोन मिनिटांत येतं. तिसऱ्यांदा ऐकताना भाषांतर समोर घ्या, म्हणजे इतका वेळ आपण कोणाच्या दुःखाला ठेका धरत होतो ते कळेल. मग 'सुअस ए!', मग 'शेन'. 'स्लीपी मॅगी' सगळ्यात शेवटी ऐका, आणि त्या दबक्या आवाजात आता तुम्हाला शब्द ऐकू येतात का, ते मला कळवा. मला अजून नीट ऐकू येत नाहीत.